अमेरिकेत बॅचलर्सला निघालात? ओरिएंटेशनच्या आधी अ‍ॅडव्हायझरशी काय काय बोलून घ्यायचं

व्हिसा लागला, तिकीट काढून झालं, बॅगेत काय भरायचं याच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्या की घरात सगळ्यांना वाटतं मुख्य काम झालं, आता उरलेलं तिकडे ओरिएंटेशनमध्ये सांगतीलच. सांगतात, नाही असं नाही. पण तुम्ही ऑगस्टमध्ये त्या हॉलमध्ये जाऊन बसेपर्यंत चांगल्या वेळेचे, चांगल्या प्रोफेसरचे सेक्शन (एकाच कोर्सचे वेगवेगळे वर्ग) बरेचदा भरून गेलेले असतात, कारण बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये तिथली लोकल मुलं जून-जुलैमध्येच ओरिएंटेशन उरकून, अ‍ॅडव्हायझरला भेटून, कोर्स घेऊन मोकळी झालेली असतात. म्हणून हा लेख. बारावी करून एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर चार वर्षांच्या बॅचलर्सला जाणाऱ्यांसाठी लिहितोय, मास्टर्सवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी यातलं क्रेडिटचं (कोर्सचं वजन मोजायच्या एककाचं) काही स्वतःला लावून घेऊ नये.

आधी माणसं ओळखा

आपल्याकडे कॉलेजात ऑफिसातला एक क्लार्क फी पण घेतो, बोनाफाईड पण देतो आणि विषय बदलायचा असेल तर तोच सांगतो कोणाची सही आणायची. तिकडे कामं वाटलेली असतात आणि एकाच्या खिडकीवरचं दुसऱ्याला माहीत असेलच असं नाही.

अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर म्हणजे तुमच्या डिग्रीचा नकाशा ज्याच्या डोक्यात असतो तो माणूस. कुठला कोर्स कशाच्या आधी घ्यायचा, पहिल्या सेमिस्टरला किती घ्यायचे, मेजर म्हणजे मुख्य विषय बदलायचा तर काय, हे सगळं त्याच्याकडे. काही ठिकाणी हे पूर्णवेळ अ‍ॅडव्हायझर असतात, छोट्या कॉलेजात प्रोफेसरच ते काम करतात.

डीएसओ म्हणजे डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल, हा इंटरनॅशनल ऑफिसातला माणूस. तुमचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागलेला कॉलेजचा फॉर्म, यानेच काढलेला असतो आणि सेव्हिस नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये तुमची नोंद तोच ठेवतो. व्हिसाच्या नियमांबद्दल शेवटचा शब्द याचा.

हे दोघं वेगळे आहेत हे डोक्यात पक्कं बसवा. अ‍ॅडव्हायझर अगदी मनापासून सांगेल की हा कोर्स जड जातोय तर सोडून दे, अभ्यासाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण त्यामुळे तुमचे क्रेडिट एफ-१ ला सेमिस्टरला लागणाऱ्या किमान १२ च्या खाली गेले तर व्हिसाचं काय होणार हे त्याच्या डोक्यात असेलच असं नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना व्हिसाच नसतो. त्यामुळे कोर्स कमी करायचा कुठलाही निर्णय दोघांना विचारूनच.

पायरी १: पोर्टल उघडा आणि होल्ड आहेत का बघा

अ‍ॅडमिशन कन्फर्म झालं की कॉलेजचा ईमेल आयडी मिळतो. तो लगेच चालू करा आणि फोनवर टाका. यापुढचं सगळं त्याच्यावर येणार, तुमच्या जीमेलवर नाही. दिवसाआड तरी उघडून बघा.

मग स्टुडंट पोर्टलमध्ये जाऊन होल्ड शोधा. होल्ड म्हणजे तुमच्या अकाउंटला लावलेलं कुलूप, ते असेपर्यंत रजिस्ट्रेशनचं बटण दाबलं तरी काही होत नाही. नवीन मुलांना साधारण हे लागतात: लसीकरणाचा, फायनल मार्कशीट न पोचल्याचा, डिपॉझिट किंवा फी बाकी असल्याचा, अ‍ॅडव्हायझरला अजून न भेटल्याचा, आणि इंटरनॅशनल ऑफिसात चेक-इन न केल्याचा. शेवटचा तिकडे पोचल्यावरच निघतो, बाकीचे घरी बसून काढता येतात.

यातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा लसीकरणाचा. एमएमआरचे दोन डोस बहुतेक ठिकाणी मागतात, लहानपणीचं कार्ड सापडत नाही, डॉक्टरांनी क्लिनिक हलवलेलं असतं, असं सगळं होतं, तेव्हा हे मे महिन्यातच हातात घ्या. टीबीची टेस्ट पण बऱ्याच ठिकाणी लागते आणि आपल्याला जन्मल्यावर बीसीजी दिलेलं असल्यामुळे हातावर टोचून करतात ती टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची टेस्ट चालते का हे हेल्थ सेंटरला मेलवर आधीच विचारून घ्या.

पायरी २: आधी केलेल्या अभ्यासाचं क्रेडिट मिळतंय का

एपीच्या, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेज लेव्हलच्या, परीक्षा दिल्या असतील तर स्कोअर १ ते ५ मध्ये येतो, जुलैमध्ये लागतो आणि तो कॉलेज बोर्डाकडून थेट युनिव्हर्सिटीला पाठवावा लागतो, तुम्ही स्क्रीनशॉट पाठवून चालत नाही. ३ ला क्रेडिट द्यायचं की ४ ला की ५ ला हे प्रत्येक युनिव्हर्सिटी आणि कधी कधी प्रत्येक डिपार्टमेंट आपापलं ठरवतं. आयबीचे हायर लेव्हल आणि ए-लेव्हल यांनाही बऱ्याच ठिकाणी क्रेडिट मिळतं, वेबसाइटवर टेबल असतं ते शोधा.

एचएससी, सीबीएसई, आयएससीवाल्यांनी एवढंच करायचं, अ‍ॅडमिशन ऑफिसला किंवा ट्रान्सफर क्रेडिट बघणाऱ्या ऑफिसला सरळ मेल टाकायचा की माझ्या बोर्डाच्या बारावीला काही क्रेडिट आहे का. काही ठिकाणी थोडंफार असतं, बऱ्याच ठिकाणी नसतं. नसलं तर वाद घालत बसू नका. पण गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीचा सिलॅबस पीडीएफमध्ये जवळ ठेवा, पुढे एखादा प्रोफेसर म्हणतो की दाखव बघू तू काय शिकलायस, आणि तिथे तो उपयोगी पडतो.

आणखी एक विचारा. काही डिग्र्यांना परकीय भाषेची अट असते. तुमचं शिक्षण किंवा मातृभाषा इंग्रजी सोडून दुसरी असेल तर काही युनिव्हर्सिट्या ती अट माफ करतात, पण मागितल्याशिवाय नाही. मराठी माध्यमातून दहावी केलेल्याला याचा थेट फायदा होऊ शकतो आणि एक-दोन कोर्सची जागा मोकळी होते.

पायरी ३: गणिताची प्लेसमेंट टेस्ट, इथे घाई करायची नाही

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स, बिझनेस, प्युअर सायन्स, यातलं काहीही घेतलंत तरी तुमचं पहिलं वर्ष गणितावर उभं असतं. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय कॅल्क्युलस दोन नाही, ते झाल्याशिवाय तीन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स नाहीत, इंजिनिअरिंगचं फिजिक्स कॅल्क्युलसबरोबर किंवा नंतरच घेता येतं, आणि दुसऱ्या वर्षाचे ब्रँचचे कोर्स फिजिक्स झाल्यावर. पहिल्या सेमिस्टरला एक पायरी खाली अडकलात तर ती अख्खी साखळी एक सेमिस्टर मागे सरकते, आणि पुढचा एखादा कोर्स फक्त फॉल (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या) सेमिस्टरलाच असेल तर अख्खं वर्ष.

आधी कोणाला काय म्हणतात ते: जो कोर्स आधी झालेला असायलाच लागतो तो प्रीरिक्विझिट, जो त्याच सेमिस्टरला बरोबर घेतला तरी चालतो तो कोरिक्विझिट. अ‍ॅडव्हायझर हे शब्द दर वाक्यात वापरतो.

तुम्हाला यातल्या कुठल्या पायरीवर बसवायचं हे ठरवायला बऱ्याच युनिव्हर्सिट्या अलेक्स नावाची ऑनलाइन टेस्ट वापरतात. जास्तीत जास्त ३० प्रश्न, तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो, स्कोअर १०० पैकी. कितीला कुठला कोर्स मिळेल हे युनिव्हर्सिटी ठरवते. पर्याय निवडायचे नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, कॅल्क्युलेटर जिथे चालेल तिथे स्क्रीनवर आपोआप येतो, तुमचा वापरायचा नाही. टेस्ट झाल्यावर सरावासाठी प्रॅक्टिस मॉड्यूल मिळतं आणि परत देण्याची संधी बहुतेक ठिकाणी असते.

बारावीचं गणित जमलेल्या आपल्या मुलांना यात अडचण येते ती विषयाची नाही, सवयीची येते. जेईईच्या क्लासला अवघड इंटिग्रल सोडवलेले असतात, पण ही टेस्ट कॅल्क्युलस विचारत नाही, ती त्याच्या आधीचं बघते: फंक्शन्स, लॉगॅरिदम, ट्रिग्नॉमेट्री, रॅशनल एक्स्प्रेशन्स. अकरावीचं पुस्तक काढा आणि आठवडाभर ते चाळा, मग बसा.

आणि हे मोकळेपणाने सांगतो कारण दर वर्षी कानावर येतं: बाबा किंवा क्लासचे सर शेजारी बसून टेस्ट सोडवून देतात. स्कोअर मस्त येतो, पोरगं थेट वरच्या कोर्सला जाऊन बसतं आणि सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या मिडटर्मला रडकुंडीला येतं. शिवाय ती सरळ सरळ कॉपी आहे, काही ठिकाणी कॅमेऱ्यासमोर परीक्षा घेतात ती याचसाठी.

आता उलटा प्रश्न, कॅल्क्युलस एक सोडून थेट दोनला जावं का? बारावीला डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स झालेली असतात, म्हणजे कॅल्क्युलस एकचा बहुतेक भाग झालेला असतो. पण कॅल्क्युलस दोनमध्ये अनंत श्रेणी, त्या कन्व्हर्ज होतात की नाही याच्या टेस्ट, टेलर सिरीज हे येतं आणि ते आपल्या बारावीत नीट नसतंच. माझं मत असं, की एपीमुळे कॅल्क्युलस एकचं क्रेडिट रीतसर मिळालं असेल आणि अकरावी-बारावीचं गणित पाठ करून नाही, समजून केलं असेल तर पुढे जा. फक्त प्लेसमेंट मिळाली असेल, क्रेडिट नाही, तर आधी अ‍ॅडव्हायझरला विचारा. प्लेसमेंट आणि क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेसमेंट म्हणजे तो कोर्स न करता पुढच्यात बसायची परवानगी, तुमच्या खात्यात काही जमा होत नाही. तेवढे क्रेडिट नंतर दुसऱ्या कशानेतरी भरून काढावे लागतात. कोर्स न करता नुसती डिपार्टमेंटची चॅलेंज एक्झाम देऊन क्रेडिट मिळतं का हेही विचारून ठेवा.

इंग्लिश रायटिंगची प्लेसमेंट असेल तर शांतपणे लिहा. पहिल्या वर्षाचा रायटिंगचा कोर्स टाळायच्या मागे लागू नका, पुढची चार वर्षं रिपोर्ट आणि पेपर लिहायचेत.

पायरी ४: किती क्रेडिट घ्यायचे

तिकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला एक तास वर्गात आणि त्यावर दोन तास घरी, असं सुमारे १५ आठवडे. सरकारी व्याख्याच तशी आहे. म्हणजे १५ क्रेडिट घेतले तर आठवड्याला ४५ तास झाले. कॅम्पसवर नोकरी करायची असेल तर एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, ४५ अधिक २० किती होतात ते बघा आणि मग ठरवा पहिल्या सेमिस्टरला नोकरी हवी का. माझ्या मते पहिले दोन महिने नको.

बॅचलर्सला बहुतेक ठिकाणी १२० क्रेडिट लागतात, इंजिनिअरिंगला थोडे जास्त. आठ सेमिस्टरमध्ये भागले की दर सेमिस्टरला १५. एफ-१ साठी दर सेमिस्टरला किमान १२ लागतात. आता गंमत बघा, कोणी म्हणतं की १२ म्हणजे फुल-टाइम, बास झालं. पण १२ गुणिले ८ होतात ९६. चार वर्षांनी २४ क्रेडिट कमी, म्हणजे जवळपास एक वर्ष जास्तीची फी, राहणं, जेवण. आणि खूप युनिव्हर्सिट्यांमध्ये १२ ते १८ क्रेडिटपर्यंत फी एकच असते, म्हणजे १२ घेऊन तुम्ही पैसे वाचवत नाही. तुमच्या युनिव्हर्सिटीत असं आहे का ते फीच्या पानावर बघा.

१५-१६ घ्यायचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा इंजिनिअरिंगच्या मुलाने असं घेतलं: कॅल्क्युलस ४, केमिस्ट्री आणि लॅब मिळून ४, रायटिंग ३, इंट्रो टू इंजिनिअरिंग २, आणि एक जेन-एडचा कोर्स ३. जेन-एड म्हणजे मेजरच्या बाहेरचे सगळ्यांना लागणारे विषय, इतिहास, मानसशास्त्र वगैरे. बेरीज १६. ऑक्टोबरमध्ये कॅल्क्युलस हाताबाहेर गेलं आणि सोडावं लागलं तरी १२ उरतात, व्हिसाला धक्का नाही. तोच मुलगा १३ घेऊन बसला असता तर ४ चा कोर्स सोडल्यावर ९ राहिले असते, आणि मग एकतर नापास होत बसायचं नाहीतर डीएसओकडे धावायचं. १५ वरही ४ क्रेडिटचा कोर्स सोडला तर ११ च होतात, तेव्हा नुसता आकडा बघू नका, कुठला कोर्स गळला तर किती उरतील हे कागदावर मांडून बघा.

आधीच १२ च्या खाली जायची वेळ आली तर त्याला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात. अभ्यास झेपत नाही या कारणासाठी तो मिळतो, पण कारणं ठरलेली आहेत: सुरुवातीला इंग्लिशचा किंवा वाचनाचा त्रास, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसवलं जाणं. तरी कमीत कमी ६ क्रेडिट राहिलेच पाहिजेत, पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्ण लोड घ्यावा लागतो, आणि या कारणाखाली त्या लेव्हलच्या शिक्षणात तो एकदाच मिळतो. कोर्स सोडायच्या आधी डीएसओची परवानगी हवी, नंतर नाही. आजारपणाचे नियम वेगळे आहेत.

ऑनलाइन कोर्सचंही लक्षात ठेवा. त्या किमान १२ मध्ये सेमिस्टरला फक्त एक ऑनलाइन कोर्स किंवा ३ क्रेडिट धरले जातात. सकाळी उठायला नको म्हणून दोन ऑनलाइन घेतले आणि वर्गातले ८ च उरले तर फुल-टाइम धरणार नाहीत. १२ प्रत्यक्ष वर्गातले असतील तर वरचा ऑनलाइन घ्या खुशाल.

स्कॉलरशिप असेल तर तिच्या पत्रात जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची, अट असते, ती वाचा. ४.० च्या स्केलवर ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. वरच्या १६ क्रेडिटच्या उदाहरणात कॅल्क्युलसला सी आणि बाकी सगळ्याला बी पडला तर ८ अधिक ३६ म्हणजे ४४, भागिले १६, २.७५. अट ३.० ची असेल तर एकाच कोर्सने घसरलात. साधारण २.० च्या खाली गेलात की बहुतेक ठिकाणी प्रोबेशन, म्हणजे सुधारण्याची ताकीद, लागतं.

पायरी ५: मेजर खरंच मिळालाय का ते बघा

अ‍ॅडमिशन लेटरवर काय लिहिलंय ते नीट वाचा. तुम्ही मेकॅनिकलला अर्ज केला म्हणजे मेकॅनिकल मिळालं असं सगळीकडे नसतं. पर्ड्यूमध्ये इंजिनिअरिंगची मुलं पहिलं वर्ष फर्स्ट-इयर इंजिनिअरिंग म्हणून करतात आणि मग ब्रँच ठरते, टेक्सस ए अँड एममध्येही पहिलं वर्ष जनरल इंजिनिअरिंग आणि मग ब्रँचसाठी अर्ज. कॉम्प्युटर सायन्सला तर कित्येक ठिकाणी बाहेरून आत येणं फार अवघड करून ठेवलंय. तेव्हा 'प्री', 'इंटेंडेड', 'अनडिक्लेअर्ड' असा शब्द मेजरच्या आधी असेल तर अ‍ॅडव्हायझरला पहिला प्रश्न हाच: पक्कं व्हायला कुठले कोर्स, किती जीपीए, कधीपर्यंत, आणि नाही मिळालं तर दुसरा रस्ता कोणता.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट पालक विचारतात आणि मुलं विचारत नाहीत. आय-२० वर मेजरच्या शेजारी सीआयपी कोड, म्हणजे त्या विषयाचा सरकारी नंबर, असतो. डिग्री झाल्यावर ओपीटी नावाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं, आणि कोड सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिन्यांसाठी अर्ज करता येतो. एकाच विषयाच्या दोन डिग्र्यांचे कोड वेगळे असू शकतात, साधं इकॉनॉमिक्स ४५.०६०१ वर स्टेम धरत नाहीत, पण इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ स्टेम आहे. एकाच डिपार्टमेंटमध्ये बीए आणि बीएस असे दोन पर्याय असतील तर दोघांचे कोड विचारा. फक्त कोडसाठी न आवडणारा विषय घेऊ नका, पण माहीत नव्हतं असं तिसऱ्या वर्षी म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

पायरी ६: मीटिंगच्या आधी आणि मीटिंगमध्ये

अपॉइंटमेंट घेताना वेळ कुठली ते बघा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कपेक्षा आपण साडेनऊ तास पुढे, शिकागो-टेक्सासपेक्षा साडेदहा, कॅलिफोर्नियापेक्षा साडेबारा. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे इस्ट कोस्टवाल्यासाठी आपले संध्याकाळचे साडेसात आणि कॅलिफोर्नियावाल्यासाठी रात्रीचे साडेदहा.

मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'ने सुरुवात करून अर्धं पान प्रस्तावना नको. नाव माहीत असतं, ते वापरा, प्रोफेसर असतील तर डॉक्टर किंवा प्रोफेसर लावा. विषयाच्या ओळीत नाव आणि कशाबद्दल ते, मजकुरात स्टुडंट आयडी, मेजर, एक-दोन नेमके प्रश्न. 'प्लीज गाइड मी' एवढ्यावर काय उत्तर देणार तो? 'अलेक्सला मला ७१ आले, तर फॉलला कॅल्क्युलस घेता येईल का की परत टेस्ट देऊ' यावर तो दोन ओळीत उत्तर देऊ शकतो.

मीटिंगला बसण्याआधी स्वतःचा कच्चा प्लॅन करा. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर प्रत्येक मेजरचा चार वर्षांचा नमुना असतो, तो काढा. कॅटलॉग कुठल्या वर्षाचा ते बघा, कारण तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेता त्या वर्षीचे नियम साधारण तुम्हाला शेवटपर्यंत लागतात, जुन्या सिनिअरचा प्लॅन तसाच उचलला तर फसाल. डिग्री ऑडिट नावाचा रिपोर्ट पोर्टलमध्ये मिळतो, बऱ्याच ठिकाणी डिग्रीवर्क्स नावाने, त्यात काय झालं आणि काय उरलं दिसतं. एपीचं क्रेडिट तिथे आलंय का तपासा.

कच्चा प्लॅन असला की गप्पा वेगळ्या होतात. अ‍ॅडव्हायझरकडे तुमच्यासाठी अर्धा तास असतो, कधी त्याहून कमी. तो वेळ जेन-एड म्हणजे काय हे समजून घेण्यात गेला तर खरे प्रश्न राहतात. आणि तो तुम्हाला 'हे पाच घे' असं सांगणार नाही हे धरून चला. आपल्या मुलांना सरांनी सांगितलं ते केलं अशी सवय असते, तिकडे तो दोन-तीन पर्याय ठेवेल आणि म्हणेल तुला काय वाटतं. इथे गप्प बसू नका.

मी असतो तर हे विचारलं असतं:

माझ्या मेजरमध्ये पहिल्याच सेमिस्टरला घेतलाच पाहिजे असा कोर्स कोणता, जो चुकला तर वर्ष जातं?

हे दोन कोर्स एकत्र घेणं झेपतं का, बाकीच्या मुलांचा अनुभव काय?

एकच कोर्स जेन-एडमध्ये आणि मेजरमध्ये दोन्हीकडे धरला जातो असा कुठला आहे?

मेजर बदलायचा विचार आहे पण सांगायला लाज वाटते, असं असेल तर तेही सांगा. त्याला रोज कोणीतरी हे सांगत असतं. दोन्ही मेजरला चालतील असे कोर्स पहिल्या सेमिस्टरला काढून देणं हे त्याचं कामच आहे.

डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऐकण्या-दिसण्याची अडचण, असं काही असेल तर त्याचं वेगळं ऑफिस असतं, परीक्षेला जास्त वेळ वगैरे तिथून मिळतो. शाळेत मिळत होतं म्हणून आपोआप मिळत नाही, कागद घेऊन तुम्हाला स्वतः नोंद करावी लागते आणि ते आत्ताच सुरू करा.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका, आपलं हे हे ठरलं, बरोबर ना? सहा महिन्यांनी अ‍ॅडव्हायझर बदलला तरी हा मेल तुमच्याकडे राहतो.

आई-बाबांसाठी दोन ओळी. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याचे मार्क आणि रेकॉर्ड हे त्याचे, १७ वर्षांचं असलं तरी. तुम्ही फी भरत असलात तरी फोनवर कोणी मार्क सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. मुलाने पोर्टलमधून परवानगी दिली तर बघता येतं, ते आपसात बोलून ठरवा. मीटिंगला शेजारी बसायला हरकत नाही, फक्त उत्तरं त्याला देऊ द्या.

पायरी ७: रजिस्ट्रेशन

रजिस्ट्रेशन कधी उघडतं त्याचा दिवस आणि वेळ पोर्टलमध्ये असते. तिकडची वेळ आपल्या वेळेत बदलून अलार्म लावा. बहुतेक सिस्टिममध्ये कार्ट असते, कोर्स आधीच त्यात टाकून ठेवा, प्रत्येकाचे दोन-तीन सेक्शन, म्हणजे एक भरला तर लगेच दुसरा.

टाइमटेबलमधली अक्षरं पहिल्यांदा बघताना गोंधळ होतो. एम, डब्ल्यू, एफ म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. टी म्हणजे मंगळवार आणि आर म्हणजे गुरुवार. 'टीआर' असं दिसलं तर मंगळवार-गुरुवार. लेक्चर घेतलं की त्याला जोडलेला लॅब किंवा डिस्कशनचा सेक्शनही वेगळा निवडावा लागतो, एकाचा नंबर टाकला आणि दुसरा राहिला की सिस्टिम कोर्सच घेत नाही आणि मुलं म्हणतात वेबसाइट बिघडलीय. कोर्सचा नंबर १०० च्या घरातला म्हणजे साधारण पहिल्या वर्षाचा, २०० म्हणजे दुसऱ्या, ३०० च्या पुढचा दिसायला कितीही इंटरेस्टिंग असला तरी सध्या राहू द्या.

दोन वर्गांमध्ये दहा-पंधरा मिनिटं असतात आणि कॅम्पस मोठा असतो, तेव्हा बिल्डिंग नकाशावर बघा. सकाळी आठचा वर्ग शाळेत सातला जायचो म्हणून सोपा वाटतो, पण तेव्हा उठवायला आई होती.

सीट नसेल तर वेटलिस्टवर नाव घाला, पण वेटलिस्टचे क्रेडिट तुमच्या १२ मध्ये मोजत नाहीत, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका, दुसरं काहीतरी प्रत्यक्ष घेऊन ठेवा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अ‍ॅड-ड्रॉपची मुदत असते, त्यात कोर्स सोडला तर रेकॉर्डवर काही दिसत नाही, जागाही तेव्हाच मोकळ्या होतात. त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येतो, त्याने जीपीए हलत नाही. शेवटची तारीख गेली की मात्र जो ग्रेड पडेल तो. या तिन्ही तारखा अ‍ॅकॅडमिक कॅलेंडरमधून काढून फोनमध्ये टाका.

विमानाचं तिकीट काढताना आय-२० वरची प्रोग्रॅम सुरू व्हायची तारीख बघा, त्याच्या ३० दिवसांपेक्षा जास्त आधी अमेरिकेत शिरता येत नाही. पोचलात की इंटरनॅशनल ऑफिसात चेक-इन लगेच करा, कारण प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत डीएसओला तुमची सेव्हिसमध्ये नोंद करावी लागते आणि त्या वेळी तो बघतो तुमच्या नावावर १२ क्रेडिट आहेत का. महिनाभराने डीएसओला एक मेल टाकून सेव्हिस रेकॉर्ड अ‍ॅक्टिव्ह झालाय ना एवढं विचारून घ्या.